खळ्यावरचं पायताण

कापूरहोळच्या फाट्यावर बेअरिंगचं एक दुकान आहे. तिथं काउंटरवर शेफाली बसते. वय पंचवीस, अंगानं काटक, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. परवाच एका टेम्पोवाल्यानं आत डोकावून विचारलं, "शेठ न्हाईत का? बेअरिंग दाखवायचं हुतं." शेफाली म्हणाली, "शेठ जेवायला गेल्यात. बेअरिंग मला कळतं. तुमाला काय कळतं ते बोला." टेम्पोवाल्यानं गुमान बेअरिंग काउंटरवर ठेवलं. तिनं ते बोटात धरून एकदा फिरवलं, कानाशी नेलं आणि सांगितलं, "गोळी फुटलीय. नवीन घ्या."

बेअरिंगचा आवाज ओळखायला ती दुकानात शिकली नाही. आठ वर्षं तिच्या पायांखाली आठ चाकं होती, आणि फिगर काढावी तर विंझरच्या शेफालीनं, असं पुण्यातले पंचही म्हणायचे. सलग तीन वर्षं जिल्ह्यात पहिली. पुढं काय झालं म्हणून कुणी विचारलं, की ती उत्तर देत नाही, गिऱ्हाइकावर ओरडते. लोक म्हणतात, पोरगी उगाच तापते. उगाच कुणी तापत नसतं. तिच्या रागाला नऊ वर्षं झाली आहेत आणि त्या रागाला पत्तासुद्धा आहे. तो भोरचा आहे.

या सगळ्याची सुरुवात एका फरशीपासून झाली. शेफालीचा बाप माऊली, विंझरचा. दोन खाचरं भाताची, आणि उरलेल्या दिवसांत गवंडीकाम. कापूरहोळजवळच्या एका मंगल कार्यालयाची फरशी त्यानं बसवली होती, आणि अशी घोटली होती की वर पाण्याचा थेंब टाकला तर त्याला कुठं जावं ते सुचू नये. एका रविवारी तो कोपऱ्यातली एक फुटकी फरशी बदलायला गेला आणि नऊ वर्षांच्या पोरीला बरोबर घेऊन गेला. तिथं पाच-सहा मुलं चाकाचे बूट घालून फिरत होती. भोरचे उपेंद्र सर, बँकेत कारकून, लग्नाची तारीख नसेल त्या रविवारी तिथं स्केटिंगचा वर्ग घेत. त्यांनी फरशीचं कौतुक केलं, फरशी कुणी केली ते विचारलं, आणि मग माऊलीच्या पोरीला एक जुनी जोडी देऊन म्हणाले, "बघ घालून."

बाकीच्या मुलांना उड्या आणि गिरक्या हव्या होत्या. शेफालीला फिगर आवडली. फिगर म्हणजे जमिनीवर रंगवलेले दोन गोल, एकमेकांना चिकटलेले, इंग्रजी आठासारखे. एका पायावर उभं राहायचं आणि त्या रेघेवरून अख्खा गोल फिरून जिथून निघालो तिथं यायचं, मग पाय बदलून दुसरा. रेघ चाकांच्या मधोमध राहिली पाहिजे. दुसरा पाय टेकला की गुण गेले. गाणं नाही, झगमग कपडे नाहीत, टाळ्या नाहीत. पंच मागं हात बांधून गोलाभोवती फिरतात आणि तोंड वाकडं करून आकडे लिहितात. बघणारे जांभया देतात. पण जिनं लहानपणी आजोबाच्या नांगरामागं चालून तासाची रेघ सरळ कशी पडते ते पाहिलंय, तिला यात जांभई येण्यासारखं काही वाटलं नाही.

अडचण जागेची होती. दिवाळी झाली की लग्नं सुरू, आणि लग्नं सुरू झाली की कार्यालयात वर्ग बंद. मधूनच एखादा रविवार मिळाला तरी आदल्या दिवशीच्या अक्षता चाकांत अडकायच्या. शेफाली रडकुंडीला यायची. विंझरला रस्त्यावर खडी, अंगणात शेण, शाळेच्या पटांगणात दगड. सपाट अशी एकच जागा होती, घरामागचं भात झोडायचं खळं. पूर्वी ते शेणानं सारवायचे, दोन वर्षांमागं माऊलीनं तिथं कोबा केला होता. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, गुळगुळीत. हंगामाचा महिना-दीड महिना सोडला तर वर्षभर मोकळंच.

पण त्या खळ्याला मालक होता. शेफालीचा आजोबा, चिमाजी. कोबा झाला, मळणीचं यंत्र आलं, तरी म्हाताऱ्याचा एक नेम सुटला नाही. खळ्यावर पायताण घालून कुणी जायचं नाही. तिथं धान्य पडतं, म्हणजे तिथं लक्ष्मी बसते. तलाठी आला तरी त्याला बूट बांधावर काढायला लावले होते, आणि यंत्रवाल्याला तर म्हाताऱ्यानं एकदा बुटांसकट हाताला धरून बाहेर काढला होता. त्या खळ्यावर चाकाचे बूट घालून नाचायचं म्हटल्यावर रतनबाई, शेफालीची आई, म्हणाली, "गप बस गं. मामंजी तंगडं मोडत्याल तुजं."

चिमाजीनं तंगडं मोडलं नाही. तो बूट हातात घेऊन अर्धा तास बसला. चाक फिरवलं, उलटं केलं, वास घेतला. मग पुढच्या टोकाला असलेल्या जाड रबरावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये काय?"

"ब्रेक हाय, आबा. थांबाया."

"गाडी खळ्यात येती," चिमाजी म्हणाला. "भात न्ह्याया गाडी येती, तिला चाकं असत्यात. चाकाला खळ्याचं वावडं न्हाई. पर ह्ये रबर भुईला टेकतंय. म्हंजी ह्यो पायतानाचा तळ झाला. चाक चालंल, पायतान न्हाई. ह्ये रबर काडा."

माऊलीनं पाना घेऊन दोन्ही रबरं काढली. न्यायालयात सुद्धा इतका विचार करून निकाल देत नाहीत. शेफाली बांधावर बसून बूट चढवायची आणि पाय न टेकता चाकं खळ्यावर सोडायची. थांबायला ब्रेक नाही, म्हणून वळून थांबायला शिकली. टेकायला काही नाही, म्हणून टेकायची सवयच लागली नाही. पुढच्या रविवारी सरांनी तिचे बूट पाहिले, कारण ऐकलं आणि हसून म्हणाले, "भारी आहेत तुझे आजोबा." बस, एवढंच बोलले.

माऊलीनं मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि पांढऱ्या रंगानं दोन गोल काढले. मग चिमाजीनं स्वतःची अक्कल चालवली. चुलीतली राख वस्त्रगाळ करून तो रोज सकाळी रेघेवरून भुरभुरायचा. शेफाली फिरून गेली की राखेत चाकांच्या खुणा उमटत. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून वाकायचा, रेघेबरोबर चालत जायचा आणि एखाद्या जागी थांबून म्हणायचा, "हितं तास वाकडं झालंय. ध्यान कुठं हुतं?" मोबाईलवर परदेशातल्या मुलींचे व्हिडिओ पाहून पुण्यातल्या पोरी शिकत होत्या. शेफालीला खळं होतं, राख होती, आणि अनवाणी फिरणारा एक पंच होता जो एक बोटभर चूकसुद्धा सोडत नव्हता. हंगामात खळं भाताला द्यायचं, तेवढे दिवस ती भिंतीला धरून एका पायावर उभी राहायची. भात उचललं की म्हातारा स्वतः खराटा घेऊन खळं झाडायचा आणि हाक मारायचा, "ये गं, खळं मोकळं झालं."

तेराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली. चौदाव्या वर्षी पहिली. पंधराव्या वर्षी पहिली, आणि त्या वर्षी एका पंचानं गोलाभोवती दोनदा फिरून विचारलं होतं, "ही मुलगी कुठं शिकते?" सरांनी छाती पुढं काढून सांगितलं, "माझी आहे."

सोळाव्या वर्षी पुण्यात राज्याची निवड चाचणी होती. फिगरमध्ये पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. सराव-फेरीत शेफालीचे गुण सगळ्यांच्या वर होते. सरांची आणखी एक मुलगी होती, वैदेही, भोरच्या डॉक्टरांची. उड्या चांगल्या मारायची, फिगरमध्ये तिसरी यायची. मुलगी वाईट नव्हती, शेफालीला आपल्या डब्यातला शिरा द्यायची. पण तिच्या वडिलांची भोरात मोकळी जागा होती आणि तिथं ते स्केटिंगचा रिंक बांधून देणार होते. हे तेव्हा सरांना माहीत होतं, शेफालीला नव्हतं.

नाव पुकारलं. शेफाली रेघेपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात टेबलामागून एक जण उठला, तिच्या पायांकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ब्रेक कुठं आहेत?"

"काढलेत," शेफाली म्हणाली. जिल्ह्यात तीन वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं.

"काढलेत म्हणजे? असं चालत नाही." दुसऱ्या पंचाला खात्री नव्हती. त्यानं हात करून सरांना बोलावलं. "तुमची खेळाडू ना? तुम्ही स्वतः पंच परीक्षा दिली आहे. फिगरला ब्रेक काढलेले चालतात का?"

शेफालीनं सरांकडं पाहिलं. तिला भीती वाटली नव्हती. सर आता दोन शब्द बोलतील आणि आपण सुरू करू, एवढंच तिच्या मनात होतं. सरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. हातातला कागद पाहिला, छताकडं पाहिलं आणि म्हणाले, "मला खात्रीनं नाही सांगता येणार."

शेफाली बाद झाली. वैदेही तिसरीची दुसरी झाली. परतीच्या ST त सर पुढच्या सीटवर बसले, मागं वळून एकदा म्हणाले, "आजोबांचा हट्ट नडला बघ. असले नेम खेळात चालत नाहीत."

आणि पोरीनं ते खरं मानलं. सोळा वर्षांची होती, सरांवर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. घरी आली तेव्हा चिमाजी खळ्याच्या बांधावर राखेचं घमेलं घेऊन बसला होता. "काय झालं, बाय? दोघीत आलीस न्हवं?"

शेफालीनं बूट खळ्यावर फेकले. "बाद केलं मला! तुमच्यामुळं! लक्ष्मी बसती म्हनं! तुमच्या लक्ष्मीनं माजं वाटोळं केलं, आबा. पुन्यात समद्यांच्या म्होरं हाकलून दिलं मला, रबर न्हाई म्हनून!" रतनबाई धावत आली, माऊली तिला धरायला गेला, शेजारची ठकुबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. शेफाली बोलतच राहिली. वड्याचं तेल वांग्यावर, पण तिला ते कुठं ठाऊक होतं.

चिमाजीनं घमेलं उचललं आणि राख उकिरड्यावर ओतून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाईनं पाहिलं तर म्हातारा वहाणा घालून खळ्यावर चालत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, जन्मात ज्यानं खळ्यावर वहाण नेली नाही, तो करकर आवाज करत ऐन मधोमध फिरत होता. माऊली म्हणाला, "दादा, ह्ये काय?" चिमाजी म्हणाला, "आता कसली लक्ष्मी. जाऊ दे समद्यांना." त्या दिवसापासून खळ्यावर कुणीही कसंही जाऊ लागलं. गावाला तर बोलायला विषयच मिळाला. म्हाताऱ्याच्या सोवळ्यानं पोरीचं नुकसान झालं, हे पारावर, गिरणीत, ST च्या थांब्यावर इतक्यांदा बोललं गेलं, की विंझरमध्ये लहान पोरालाही ते पाठ झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरू नये.

शेफालीनं पुढच्या वर्षी रबरं बसवून पाहिलं. पण आठ वर्षं ज्या पायांना पुढचं वजन माहीत नव्हतं ते पाय अडखळायला लागले. वळताना रबर टेकायचं. सातवा नंबर आला. त्याच्या पुढच्या वर्षी ती गेलीच नाही. नसरापूरला बारावी केली, मग बेअरिंगचं दुकान. बूट माळ्यावर पडले. रिंक भोरात झाला, वैदेही एकदा राष्ट्रीयला जाऊन बाविसावी आली आणि मग शिकायला पुण्याला गेली. आबाशी शेफाली बोलायची, त्याला औषध द्यायची, पण त्या दिवसाचं दोघांनी कधी काढलं नाही. म्हातारा रोज सकाळी वहाणा घालून खळ्यावर एक चक्कर मारायचा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असावा, असं कुणालाही वाटलं असतं.

यंदा माघात फाट्यावरच्या दोन बायकांनी शेफालीला गळ घातली, की आमच्या पोरींना रविवारी शिकव. ती नाही म्हणत होती, पण मग तिनं रीतसर करायचं ठरवलं. पंचांची परीक्षा द्यायची म्हणून नियमांचं पुस्तक मागवलं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना ती ते वाचत बसली होती. चौतिसाव्या पानावर एक ओळ होती. फिगर प्रकारात खेळाडूनं पुढचं रबर काढून टाकलं तरी हरकत नाही.

तिनं ती ओळ चार वेळा वाचली. मग पुण्यात फोन करून तिच्या ओळखीच्या जुन्या पंचाला विचारलं, हा नियम कधी आला? तो म्हणाला, "आला कधी काय? पहिल्यापासून आहे. उलट फिगरवाले मुद्दाम काढतात. आमच्या परीक्षेत हमखास यायचा हा प्रश्न."

शेफालीनं शटर ओढलं आणि भर दुपारी विंझरची ST पकडली.

आबा ओसरीवर पडला होता. अठ्ठ्याऐंशीचा झाला होता, ऐकू कमी येत होतं, या उन्हाळ्याच्या पलीकडं जाईल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. तिनं पुस्तक उघडून त्याला ओळ वाचून दाखवली. मोठ्यानं, दोनदा. "आबा, तुमचं चुकलंच नव्हतं. रबर काडलं ते बराबर हुतं. सर खोटं बोलले."

चिमाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माजं मन राखाया बोलतीस व्हय? जानता मास्तर त्यो. त्येला न्हाई ठावं आन् तुला ठावं?"

"पुस्तकात हाय, आबा!"

"पुस्तकात काय बी लिवत्यात. माज्यापायी तुजं वाटोळं झालं, बाय. म्या मानलंय ते. तू कशापायी तरास घेतीस?"

तिनं माऊलीला वाचायला लावलं, रतनबाईला सांगायला लावलं. म्हातारा फक्त मान हलवत राहिला. घरच्या माणसांचं बोलणं त्याला दयेचं वाटत होतं. मास्तरानं चूक सांगितली होती, ती मास्तरानंच परत घ्यायला हवी होती. आणि दिवस थोडे होते.

दुसऱ्या दिवशी ती भोरला सरांच्या घरी गेली. सरांच्या बायकोनं, सरोजताईंनी, चहा आणला. भिंतीवर पंच परीक्षेचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, प्रथम श्रेणी. शेफालीनं पुस्तक टीपॉयवर उघडं ठेवलं. सरांनी पुस्तकाकडं पाहिलंच नाही. पाहायची गरज नव्हती.

"जुनं कशाला उकरतेस?" ते म्हणाले. "तेव्हा परिस्थिती वेगळी होती. आज रिंकवर चाळीस मुलं खेळतात, शेफाली. एकीचं नुकसान झालं असेल, पण चाळीस जणांचं भलं झालं. मोठ्या मनानं बघ."

मोठं मन नेहमी ज्याचं गेलंय त्यानंच का करायचं, हे विचारायला हवं होतं. शेफालीनं दात आवळले. "माझं सोडा, सर. माझं गेलं ते गेलं. विंझरला चला आणि माझ्या आबाला एवढं सांगा, की त्याचं चुकलं नव्हतं. आमचं त्याला पटत नाही. तुमचं पटेल."

"अगं, त्या वयात माणूस सगळं विसरतो."

"तो विसरत नाही. रोज वहाणा घालून खळ्यावर जातो."

सरांना यातलं काहीच कळलं नाही. "बघू," ते म्हणाले. "रविवारी माझा सत्कार आहे, पंचवीस वर्षं झाली वर्गाला. तू ये. जुनी खेळाडू म्हणून दोन शब्द बोल. कार्यक्रम झाला की विंझरचं ठरवू."

ती गेली. रिंकवर मांडव, खुर्च्या, पाहुणे, चाळीस मुलं रांगेत. सूत्रसंचालन वैदेही करत होती, आता फिजिओथेरपिस्ट झाली होती. सरांना फेटा बांधला. भाषणात त्यांना 'खेळाडूंचा बाप' असंही कुणीतरी म्हणालं. मग वैदेहीनं हसून शेफालीचं नाव पुकारलं.

शेफालीनं माईक घेतला. "मला भाषण येत नाही. मी सरांकडून एकच ओळ वाचून घेणार आहे." तिनं पुस्तक सरांपुढं धरलं. सर हसले, खिसे चाचपले, म्हणाले, "चष्मा राहिला बहुतेक." चष्मा त्यांच्या गळ्यातच दोरीला लोंबत होता. पुढच्या रांगेतली मुलं खिदळली. वैदेहीला वाटलं सरांची फजिती होतेय, म्हणून तिनंच पुस्तक घेतलं आणि माईकवर वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. ती त्या दिवशी तिथं होती. पुढचं तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"सर," ती म्हणाली. माईक चालूच होता. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

सर याही वेळी बोलले नाहीत. शेफाली म्हणाली, "इथं नका सांगू. उद्या सकाळी विंझरला या. नाही आलात तर मी पुढच्या रविवारी परत येईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही." एवढं बोलून ती खाली उतरली आणि ST च्या थांब्याकडं चालत निघाली.

सोमवारी अकराच्या सुमाराला वैदेहीची गाडी विंझरला आली. शेजारी सर बसले होते. चिमाजीची चक्कर झाली होती आणि तो खळ्याच्या कडेला पोतं टाकून बसला होता, पायात वहाणा. कोबा तापायला लागला होता. गोलांचा पांढरा रंग पुसट होऊन दोन-चार ठिकाणीच उरला होता. सर बूट घालूनच आत आले. त्यांना कुणी अडवलं नाही, नऊ वर्षांत कुणालाच अडवलं नव्हतं.

शेफाली त्यांच्याबरोबर आत आली आणि आबाच्या कानाशी वाकली. "आबा, सर आल्यात. भोरचं मास्तर."

म्हातारा धडपडत उठला. दोन्ही हात जोडले. "या, मास्तर. माजं चुकलं हुतं तवा. अडानी मानूस म्या. पोर तुमच्या हाताखाली तयार झाली हुती, माज्या हट्टापायी तिचं वाटोळं झालं. तुमचं बी नाव खराब झालं."

शेफालीच्या मुठी वळल्या. बापाच्या वयाच्या माणसावर हात उचलू नये म्हणतात. हे सर तिच्या बापाच्याच वयाचे होते, आणि तिनं हात पाठीमागं बांधून घेतले.

सर म्हणाले, "नाही, आजोबा. तुमचं चुकलं नव्हतं. रबर काढलेलं नियमात बसत होतं."

"पोरीनं शिकवून आनलं का तुमाला?"

"नाही. मला तेव्हाच माहीत होतं. पंचांनी मला विचारलं होतं, मी सांगितलं नाही."

"मोट्यानं बोला. ऐकू कमी येतं मला."

सरांना ते मोठ्यानं बोलावं लागलं. दारात माऊली आणि रतनबाई होती, कुंपणापाशी ठकुबाई आली होती, गाडीपाशी वैदेही मान खाली घालून उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

"का न्हाई सांगितलं?" चिमाजीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रिंक हवा होता," सर म्हणाले. "माझा स्वार्थ होता."

"म्हंजी पोरीच्या चाकात खोट न्हवती," चिमाजी स्वतःशीच म्हणाला. "आन् खळ्यात बी न्हवती." मग त्यानं खाली पाहिलं. त्याची नजर सरांच्या काळ्या बुटांवर येऊन थांबली.

"मास्तर," तो म्हणाला, "पायतान काडा. ह्ये खळं हाय."

सर वाकले, लेस सोडल्या, बूट उचलून बांधाबाहेर ठेवून आले. मोज्यांतून कोबा भाजत होता, ते पाय बदलत उभे राहिले. बसा म्हणून त्यांना कुणी म्हटलं नाही.

मग म्हातारा पोत्यावर बसला आणि स्वतःच्या वहाणेकडं हात नेला. वहाणेचा अंगठा निघेना. शेफाली मदतीला वाकली, तर त्यानं तिचा हात बाजूला सारला. एक काढली, दुसरी काढली. दोन्ही एकमेकींवर आपटून झाडल्या आणि माऊलीकडं दिल्या. "भाईर ठिव."

माऊलीनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

अनवाणी पाय कोब्यावर टेकवून चिमाजीनं वर पाहिलं, आणि त्याची नजर शेफालीच्या पायांवर गेली. तिच्या पायात चपला होत्या. सरांना जाब विचारायच्या नादात ती चपलांसकट खळ्याच्या मधोमध येऊन उभी होती. आज नव्हे, नऊ वर्षं ती अशीच येत-जात होती.

"तू बी काड, बाय," चिमाजी म्हणाला.

शेफालीनं चपला काढल्या. कोबा चांगलाच तापला होता. तिनं पाय हलवला नाही.